हेलिकॉप्टर खरं, बिअर खोटी

परवा भाच्याने एक पोस्ट पाठवली आणि खाली लिहिलं, "मामा, गाण्याचा क्लास सोडतोय. धाडस पाहिजे फक्त." पोस्ट क्रिस क्रिस्टोफरसन या अमेरिकन कंट्री (तिथलं ग्रामीण ढंगाचं संगीत) गीतकाराबद्दल. म्हणे, हा अडाणी झाडूवाला. एका हातात बिअर, दुसऱ्या हातात गाण्याची टेप घेऊन त्याने प्रसिद्ध गायक जॉनी कॅशच्या अंगणात हेलिकॉप्टर उतरवलं, कॅशने 'संडे मॉर्निंग कमिंग डाउन' हे गाणं तिथल्या तिथे घेतलं, आणि हा रातोरात स्टार.

हेलिकॉप्टर उतरवलं होतं, ते नाकारत नाही. बिअरची गोष्ट खुद्द कॅशच रंगवून सांगायचे. पण क्रिस्टोफरसननीच मुलाखतीत ती खोडून काढली: पिऊन कधी उडवलं नाही, ते चालवायला दोन्ही हात लागतात. कॅश तेव्हा बहुधा घरी नव्हते आणि नेलेलं गाणं वेगळंच होतं, हेही त्यांनीच सांगितलं. ज्याने उडवलं तोच सांगतोय, आणखी कुणाची साक्ष हवी? 'संडे मॉर्निंग' तर आधी रे स्टीव्हन्सनी 1969 मध्ये गायलं, कॅशचं 1970 मध्ये आलं.

अडाणी? ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेला माणूस, सैन्यात कॅप्टन! झाडू मारला, तोही नॅशव्हिलच्या कोलंबिया स्टुडिओत, गाणी जिथे बनतात तिथे राहता यावं म्हणून.

आणि 'रातोरात' हा शब्द वाचून तर माझं डोकंच फिरलं, कारण पोरं क्लास सोडतात ती याच शब्दापायी. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इंग्रजी शिकवायची नेमणूक सोडून ते 1965 मध्ये नॅशव्हिलला आले. घरच्यांनी संबंध तोडले. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरींवर माणसांची ने-आण करणारी हेलिकॉप्टरं चालवून पोट भरलं, आणि लिहिणं चालूच ठेवलं. निर्माते फ्रेड फॉस्टर यांनी गाण्यासाठी एक नाव सुचवलं, त्यावर डोकं खपवून 'मी अँड बॉबी मॅगी' झालं. ते पहिल्यांदा रॉजर मिलरनी गायलं, 1969 मध्ये. गायिका जॅनिस जॉप्लिनच्या आवाजात ते पहिल्या क्रमांकावर पोहोचलं 1971 मध्ये, ती गेल्यानंतर. मोज आता वर्षं.

क्लासची या महिन्याची फी मी भरली आहे. रविवारी वही घेऊन ये, दुसरं कडवं अजून ढिलं आहे.