'फुकटचं क्युरिंग' आणि मामांची भिंत

'विटकामाला पाऊस म्हणजे फुकटचं क्युरिंग' हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आला. क्युरिंग म्हणजे सिमेंटचं काम पाणी मारून ओलसर ठेवणं, म्हणजे ते पक्कं होतं. तो वाचून मामांनी परवा नव्या भिंतीवरची ताडपत्री काढून टाकली आणि रात्री वळीव झोडपून गेला. मेसेज सांगतो: भिंत पावसात उघडी ठेवा, विटा भिजवायची गरज नाही, आणि ढग दिसले तर भिंत एका दमात वर न्या.

सिमेंटच्या मालाला, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणाला, पाणी लागतं, एवढं खरं. पण आधी तो आवळू, म्हणजे घट्ट होऊ तर द्या! कालवलेलं सिमेंट पुरतं आवळायला 10 तासांपर्यंत वेळ घेऊ शकतं. दुपारी चारला लावलेल्या थरावर सहाला वळवाचे टपोरे थेंब आपटले, की सांध्यातलं सिमेंट धुऊन जातं आणि वाळू मागे राहते. मामांच्या भिंतीच्या पायथ्याशी सकाळी राखाडी गाळ साचला होता. तेच त्यांचं सिमेंट. वरच्या दोन थरांच्या सांध्यात मी नख घातलं, तर वाळू भुरभुरत खाली आली.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नियमांत विटकामाबद्दल दोन्ही गोष्टी लागोपाठ लिहिल्यात: ताजं काम पावसापासून झाका, आणि किमान 7 दिवस सगळ्या बाजूंनी ओलसर ठेवा. झाकायचंही आणि पाणीही मारायचं. मेसेजवाल्याने अर्धंच उचललं.

विटा भिजवायच्याच, पण निथळू द्यायच्या. पावसात चिंब झालेली वीट माल धरत नाही, थर सरकतो, ओळंबा चुकतो, म्हणजे भिंत सरळ उभी राहत नाही. म्हणून ढिगावरही ताडपत्री हवी.

'एका दमात वर न्या' हे वाचून मात्र डोकं फिरलं. खालचा माल कच्चा, त्यावर ओल्या विटांचा भार, आणि वळवाआधी सुटतो तो वारा! वर स्लॅब नाही, बाजूला आधार नाही, अशी चार इंची भिंत आडवी व्हायला कितीसा वेळ लागणार? आणि पाऊस आला की मजुरांची पोरं आडोशाला नेमकी त्याच भिंतीला खेटून बसतात. दिवसाला मीटर-दीड मीटरच्या वर जाऊ नये, हे कुठलाही जाणता गवंडी सांगेल.

मामा, वरचे ते दोन थर आजच उतरवून नव्या मालात लावून घ्या. संध्याकाळी भिंतीच्या माथ्यावर फळी ठेवा, तिच्यावरून ताडपत्री दोन्ही बाजूंना सोडा आणि दोर खाली खुंट्यांना बांधा. सुट्या विटांचं वजन वर ठेवू नका, वाऱ्याने त्या कुणाच्या तरी डोक्यात पडतील.