शुद्ध मालाच्या होतकरू व्यापाऱ्यास हिताच्या चार गोष्टी

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत लंडनमध्ये दुकान थाटून श्रीमंत व्हावे अशी आपली मनीषा असेल, तर एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी: माल शुद्ध असणे आणि माल शुद्ध म्हणून खपणे हे दोन निरनिराळे धंदे असून, त्यांपैकी पहिल्यात भांडवल बुडण्याची भीती फार आहे. मोहरी महाग पडते, म्हणून तिच्या पुडीत गव्हाचे पीठ मिसळावे, आणि पिठाने रंग उतरला की हळद घालून तो पुन्हा चढवावा. (एवढे समुद्र ओलांडून आलेल्या हळदीला मोहरीच्या नावाने खपावे लागते, याचे फोडणीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांस वाईट वाटेल, पण व्यापारात भावनेला थारा नाही.) कॉफीत भाजलेली चिकोरी, पावात तुरटी, मिरचीच्या पुडीत शेंदूर, कोकोत साबुदाण्याचे किंवा बटाट्याचे पीठ आणि वर रंगासाठी गेरू अथवा विटेची पूड, हे सर्व मार्ग आपल्या आधीच्या पिढीने मळून ठेवलेले आहेत.

आता आपणास भीती वाटेल ती डॉ. आर्थर हिल हॅसल यांची. हे गृहस्थ १८५१ पासून ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेल्या मालाचे अहवाल देत असत, आणि संपादक थॉमस वॅकली ते दुकानदारांच्या नावपत्त्यांसह छापत असत. तत्पूर्वी फ्रीड्रिख आक्कुम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२० मध्ये अन्नातील भेसळीवर पुस्तक लिहून व्यापाऱ्यांची नावे उघड केली होती. त्याच वर्षाअखेर ग्रंथालयातील पुस्तकांची पाने फाडल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि पुढच्या वर्षी त्याला देश सोडावा लागला. हॅसल यांची पुस्तके मात्र शाबूत होती, त्यामुळे ते टिकले. तरीही आपण त्यांना शत्रू मानू नये. त्यांच्यापूर्वी गिऱ्हाईक चहाला चहा समजून निमूटपणे पीत होते. डब्यात काय असेल ही धास्ती त्याच्या मनात त्यांनी पेरली, आणि तीही आपल्याकडून एक पेनीही न घेता. धास्तावलेल्या गिऱ्हाइकाला ‘शुद्ध’ हा शब्द विकण्यासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही.

परंतु ‘शुद्ध’ हा शब्द विकता विकता शुद्ध माल विकण्याच्या मोहात पडू नये. क्रॉस अँड ब्लॅकवेल या नामांकित पेढीने हॅसल यांच्या अहवालांनंतर लोणच्यांना तांब्याने हिरवा रंग आणण्याचे सोडून दिले, तेव्हा तपकिरी पडलेली लोणची गिऱ्हाइकांना प्रथम मुळीच रुचली नाहीत, हे त्या पेढीच्या थॉमस ब्लॅकवेल यांनी १८५५ मध्ये संसदेच्या समितीपुढेच सांगितले. म्हणजे पाहा, प्रामाणिकपणाचे पहिले बक्षीस गिऱ्हाइकाचे वाकडे तोंड. ज्याला विष नको असते, त्यालाच विषाचा रंग हवा असतो, आणि ही दोन्ही मते तो एकाच श्वासात मांडू शकतो.

अति स्वस्ताईही टाळावी. ब्रॅडफर्ड येथे १८५८ मध्ये पेपरमिंटच्या गोळ्या करणाऱ्या एका कारागिराला साखरेत मिसळण्यासाठी प्लॅस्टर ऑफ पॅरिस हवे होते. औषधविक्रेत्याच्या नोकराने चुकून बारा पौंड सोमल, म्हणजे आर्सेनिकचे विष, बांधून दिला. गोळ्या जरा निराळ्या दिसल्या म्हणून बाजारात त्या विकणाऱ्याने कारागिराकडून किंमत कमी करून घेतली. सुमारे वीस माणसे दगावली आणि दोनशेहून अधिक आजारी पडली. न्यायालयात कोणालाही शिक्षा झाली नाही, कारण साखरेत प्लॅस्टर घालण्यात त्या काळी बेकायदेशीर असे काही नव्हतेच. तरी अशा घटनांनी गिऱ्हाईक बिथरते, म्हणून भेसळ करताना स्वच्छता पाळावी.

खऱ्या कल्पक व्यापाऱ्याने मात्र भेसळीच्या फंदात न पडता नामकरणाकडे वळावे. यात ‘रेव्हॅलेंटा अरेबिका’ हा आपला आदर्श असावा. मसुरीचे वनस्पतिशास्त्रीय नाव त्या काळी ‘एर्व्हम लेन्स’ असे होते. त्यातून ‘एर्व्हालेंटा’ झाले, आणि पहिली अक्षरे उलटसुलट करून ‘रेव्हॅलेंटा’. पुढे अरबस्तान जोडला की अपचनापासून क्षयापर्यंत सारे काही बरे करणारे दिव्य अन्न तयार! डबा एक पौंडाचा, किंमत दोन शिलिंग नऊ पेन्स. हॅसल यांनी डबा उघडून पाहिला, तर आत मसुरीचे आणि जवाचे पीठ निघाले. ज्या डाळीसाठी आपल्याकडील पाहुणा नाक मुरडतो, तीच डाळ तिकडे कुलीन मंडळी डॉक्टरऐवजी घेत होती. गंमत अशी की, हे पीठ वनस्पतिजन्य, शुद्ध आणि पचण्यास हलके असल्याचा अँड्र्यू यूर या प्रख्यात रसायनशास्त्रज्ञाचा १८४९ चा दाखला जाहिरातीत छापला जात असे, आणि त्यात एक अक्षरही खोटे नव्हते. डाळ शुद्धच होती. विद्वानाकडून दाखला घ्यायचा तो असा घ्यावा: जे कोणी विचारलेच नाही, त्याबद्दल पूर्ण सत्य.

दाखला देणारा विद्वान न मिळाल्यास संस्था काढावी. जेम्स मॉरिसन यांनी आपल्या ‘सार्वत्रिक’ गोळ्या विकण्यासाठी १८२८ मध्ये ‘ब्रिटिश कॉलेज ऑफ हेल्थ’ स्थापन केले. तेथे शिकवले जात होते ते एवढेच की गोळ्या घ्याव्यात, आणि गुण न आल्यास अधिक घ्याव्यात. संस्थाही नको असेल, तर सरकार आहेच. पेटंट औषधांवर १७८३ पासून कर असे, आणि तो भरल्याची सरकारी तिकिटे डब्यावर चिकटवली जात. सव्वा शिलिंगाहून थोड्या कमी, म्हणजे एक शिलिंग दीड पेनी किमतीच्या डबीतील दीड पेनी हा तो कर. गिऱ्हाईक मात्र त्या तिकिटाकडे सरकारी हमी म्हणून आदराने पाही. हा गैरसमज दूर करणे आपले काम नव्हे. त्याच तिकिटावर आपले नाव कोरून घेऊन ‘याशिवाय अस्सल नव्हे’ असे छापावे.

क्वचित एखाद्याजवळ खरोखरच शुद्ध माल असतो. त्याची पंचाईत वेगळी. कॅडबरी बंधू आपल्या जुन्या कोकोत बटाट्याचे पीठ आणि साबुदाणा घालीतच होते. कोकोतील चरबी शोषून घ्यायला काहीतरी लागे. हॉलंडहून आणलेल्या दाबयंत्राने ती चरबी काढता येऊ लागली, तेव्हा १८६६ मध्ये त्यांनी ‘कोको इसेन्स’ बाजारात आणून घोषणा केली: निखालस शुद्ध, म्हणूनच सर्वोत्तम. येथे ‘म्हणूनच’ या शब्दापुढे आपण क्षणभर नतमस्तक व्हावे, कारण सारा व्यापार त्या एका अव्ययावर उभा आहे. काल स्वतः घातलेले पीठ आज दुसऱ्याच्या डब्यात दिसले, की त्याला भेसळ म्हणतात. प्रतिस्पर्धी फ्राय यांनी सर चार्ल्स कॅमरून यांचे शब्द छापले: इतका आवडलेला कोको आपण कधी चाखला नव्हता. कॅमरून हे डब्लिनचे अन्नपरीक्षक होते, हे येथे सांगितलेले बरे.

पीअर्स साबणवाल्यांची तर बातच सोडा. १८८४ मध्ये ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने एका मळकट भिकाऱ्याचे व्यंगचित्र छापले, दोन वर्षांपूर्वी तुमचा साबण वापरला, तेव्हापासून दुसरा वापरलेला नाही, असे तो लिहीत आहे. पीअर्सने ते चित्रच जाहिरातीसाठी घेतले.

कायद्याने आपली झोप उडू देऊ नये. १८६० चा कायदा स्थानिक संस्थांना अन्नपरीक्षक ‘नेमता येतील’ एवढेच म्हणत होता, आणि बहुतेकांनी ते नेमले नाहीत. १८७५ चा कायदा थोडा कडक निघाला, तरी मिश्रण आहे असे डब्यावर लिहिले की मिश्रण विकता येई. अक्षराचा आकार किती असावा, याचा विचार सोयीनुसार करावा.

गोळ्यांचा धंदा यापेक्षाही निर्धोक. ‘डबीची किंमत एक गिनी’, म्हणजे एकवीस शिलिंग, असे सांगणाऱ्या बीचम यांच्या ५६ गोळ्यांत काळा बोळ, सुंठ आणि साबण असून, त्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा भरते, हे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने प्रसिद्ध केले ते १९०९ मध्ये. तोवर राणीही गेली होती. दुसरे गोळीवाले थॉमस होलोवे जाहिरातींवर सालाला ५०,००० पौंडांच्या घरात खर्च करीत, आणि उरलेल्या पैशातून त्यांनी मनोरुग्णांसाठी आरोग्यधाम आणि स्त्रियांसाठी भव्य महाविद्यालय उभारण्याची व्यवस्था केली. महाविद्यालयाच्या उद्घाटनाला १८८६ मध्ये खुद्द राणी आली. त्या इमारतीच्या लाल विटा मात्र अस्सल निघाल्या. ती आजही उभी आहे.