शेवटचे चार आकडे

भाचा पुण्यात नगररचना शिकतो. सुट्टीत डोंबिवलीला आला की त्याला माणसं दिसत नाहीत, ‘भूवापर’ दिसतो. यंदा त्याला प्रकल्पासाठी विषय मिळाला उपनगरातल्या स्टेशन परिसराच्या पुढच्या वीस वर्षांच्या पार्किंगचा, आणि त्याने नेमकी आमची गल्ली धरली. फडके रोड हाकेच्या अंतरावर, स्टेशन सहा मिनिटं. घर घेताना या सहा मिनिटांचे मी जादा पैसे मोजले होते. तीच सहा मिनिटं अर्धं गाव फुकटात वापरतं. सकाळी आमच्या दाराशी गाडी लावायची, फास्ट लोकल गाठायची, गाडी रात्री न्यायची.

“मामा, तुम्ही आता मोकळेच असता ना?” या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या निवृत्त माणसाचं पुढे काय होतं हे मला ठाऊक असायला हवं होतं. मंगळवारी सकाळी सात ते रात्री नऊ, दर तासाला एक फेरी. भाच्याने नकाशावर जागांना क्रमांक घालून दिले होते. ज्या जागी जी गाडी असेल तिच्या नंबराचे शेवटचे चार आकडे समोर टिपायचे. कोणती गाडी किती तास ठाण मांडून आहे ते त्यावरून निघतं म्हणे.

सात वाजता वही, पेन आणि उन्हासाठी टोपी असा जामानिमा करून खाली उतरलो. चौथ्या नंबरप्लेटपाशी वाकलो तोच वरून हाक आली, “ओ साहेब, एक मिनिट, काढतो काढतो!” गॅलरीतला बनियन गडप झाला आणि दोन मिनिटांत लेंग्यासकट स्कूटरवर बसून पसार झाला. त्याच्या मागे आणखी दोघं. पुढच्या वळणावर कोणीतरी “टोइंगवाले आले!” अशी आरोळी ठोकली आणि आठच्या फेरीला निम्मी गल्ली ओस. आमच्या गल्लीला फूटपाथ आहे, हे मला त्या दिवशी कळलं. चहावाला खूश. “रोज येत चला साहेब,” म्हणाला आणि कटिंगचे पैसे घेतले नाहीत.

भाच्याला फोन केला. “मामा, तुम्ही सगळा नमुना बिघडवलात. आधी ती टोपी काढा!”

टोपी काढली. वही पिशवीत घातली, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली. दहापर्यंत गल्ली पूर्ववत तुंबली.

खरी अडचण पुढेच होती. कित्येक जागांवर गाडी नव्हती, पण जागा रिकामीही नव्हती. एकीवर रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून रोवलेला पाइप. एकीवर तीन पायांची प्लास्टिकची खुर्ची, चौथ्या पायाच्या जागी वीट. एकीवर दोन कुंड्या, त्यातल्या एकीत वाळलेली तुळस. तुळस हलवायची कोणाची छाती आहे? एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारी आपली जात. रस्ता मिळाल्यावर कुंडी टाकणारच. पुन्हा फोन. “कुंडीला नंबर नाही रे. काय लिहू?”

“‘अडथळा’ लिहा.”

रात्री जेवताना भाचा मोजमापं सांगत बसला. नियमात एका मोटारीला अडीच बाय पाच मीटर जागा, स्कूटरला एक बाय दोन. म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबाने एका मोटारीच्या जागेत सहा स्कूटर. बायको आमटी वाढता वाढता थांबली. “म्हणजे साडेबारा चौरस मीटर? तेवढीच तर आपली चाळीतली खोली होती. आणि त्यात आपण पाच माणसं.”

मग उपाय. सम-विषम तारखांचं पार्किंग मला पटतं, फक्त एकतीस तारखेनंतर एक तारीख येते आणि दोन्ही विषम. त्या रात्री गाडी हलवायची की नाही यावर सोसायटीत दोन तट पडू शकतात. भाच्याचा भर मात्र डोनाल्ड शूप या अमेरिकन प्राध्यापकांवर. ते सांगून गेले, की रस्त्यावरच्या पार्किंगचा दर असा ठेवा की प्रत्येक रांगेत एक-दोन जागा कायम रिकाम्या राहतील, म्हणजे येणाऱ्याला घिरट्या घालाव्या लागत नाहीत. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर ‘चौथी सीट’ मागून घेणाऱ्या डोंबिवलीकराला कायम रिकामी जागा दाखवायची, हे मला जरा निर्दयपणाचं वाटलं.

तेवढ्यात वही चाळणारा भाचा ताठ बसला. “मामा! जागा क्रमांक सतरा. पंधराच्या पंधरा फेऱ्यांत इथे काहीच नोंद नाही. भर स्टेशनजवळ, दिवसभर रिकामी!”

मी भाताकडे बघत राहिलो. तो टॉर्च घेऊन खाली गेलासुद्धा.

विजेच्या खांबाशेजारची ती जागा. तिथे ताडपत्रीखाली माझी बजाज चेतक आहे. किक मारण्याआधी तिला बाळासारखं एका कुशीवर कलवावं लागायचं. गेली सहा वर्षं ती त्या कुशीवरही येत नाही. मी ती लिहिली नव्हती, कारण गाड्या लोकांच्या मोजायच्या होत्या, ही घरचीच. शिवाय ती काढली तर तिथे कोणीतरी गाडी लावेल.

भाचा वर आला. हाताला धूळ, केसांत कोळिष्टक. मुकाट्याने वही उघडली, सतरा नंबरच्या रांगेवर पेन टेकवलं.

“शेवटचे चार आकडे सांगा.”

मला आठवेनात. बायकोलाही आठवेनात.

“असू दे,” तो म्हणाला, “‘अडथळा’ लिहितो.”