‘साडेसहाशेची भोक पाडलेली बादली’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला आणि सोबतचे चारही फोटो मोठे करून पाहिले. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमची तक्रार आधी थोडक्यात मांडते. घोडबंदर रोडच्या घरासाठी आमच्याकडून सहा सेल्फ वॉटरिंग कुंड्या (तळाच्या टाकीतलं पाणी आपोआप झाडाला मिळतं अशा) नेल्यात. ‘पंधरा दिवस पाणी नको’ हे आमचं म्हणणं धरून गणपतीला गावी गेलात, दहा दिवसांनी येऊन बघता तर तुळस आणि कढीपत्ता कुजलेले, टाकीत डासांच्या अळ्या, त्यावरून सोसायटीत बोलणी खाल्लीत ती वेगळीच. कुंडी म्हणजे भोक पाडलेली बादली, मातीऐवजी भरायचं आमचं मिश्रण म्हणजे थर्माकोल घातलेला नारळाचा भुसा आणि तोही सोन्याच्या भावाने. पैसे परत मागितले, आम्ही दिले नाहीत.

कढीपत्ता तुमच्या आईंनी लावलेला होता असं लिहिलंय, त्याचं खरंच वाईट वाटलं. पैसे का दिले नाहीत ते मात्र सविस्तर सांगते, कारण हेच प्रश्न काउंटरवर आणखी चार जण विचारतात.

तुमचा तिसरा फोटो बघा. कुंडीत काठोकाठ लाल माती, तिच्यावर हिरवं शेवाळ, कडेने पांढरट क्षार. पाण्याची पातळी दाखवणारा लाल दट्ट्या नळीत अगदी वरच्या रेघेला टेकलेला. आणि खालच्या अंगाला, जिथे जादा पाणी बाहेर पडायचं भोक असायला हवं, तिथे करड्या एम-सीलचा गोळा. पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं म्हणून बुजवलं, असं तुम्हीच लिहिलंय. टॉवरमधल्या माणसाची ही अडचण खरी आहे, खालच्या काकूंचं बोलणंही रास्त आहे. पण सगळी कुंडी त्या भोकावर चालते. बादली म्हणालात याचा राग नाही, साहेब. भोक होतं तोवर ती कुंडी होती, एम-सील लावल्यावर बादली झाली.

आत काय असतं ते सांगते. तळाला टाकी, तिच्यावर जाळीदार खोटा तळ, आणि त्या तळातून टाकीत उतरलेला एक जाळीचा पाय. त्या पायात आपण जे भरतो ते समईतल्या वातीसारखं पाणी वर ओढतं. म्हणजे पाणी द्यायचं काम कुंडी करतच नाही, ती फक्त साठवते. देणारी असते ती आत भरलेली माती, किंवा मातीच्या जागी जे काही असेल ते. म्हणून आम्ही कुंडी आणि मिश्रण एकत्र घ्या म्हणतो. तुम्ही सहा कुंड्या नेल्यात आणि मिश्रणाची एकच पिशवी, ती मनी प्लांटला वापरलीत. तो मनी प्लांट तुमच्या पहिल्या फोटोत कडेला दिसतोय, चांगला तरारलेला. त्याच्या कुंडीचं भोकही उघडं आहे, तेही बघा.

बाकी पाचांत रस्त्यावरच्या नर्सरीतली लाल माती गेली. त्या नर्सरीवाल्याला मी नावं ठेवणार नाही. जास्वंदीला आणि कढीपत्त्याला आम्हीही तीच वापरतो, साध्या कुंडीत. आपल्याकडची लाल माती चिकट आणि बारीक कणांची. साध्या कुंडीत वरून पाणी घातलं की ती भिजते, निथळते, दोन दिवसांत सुकायला लागते आणि त्या सुकण्यातच मुळांना हवा मिळते. इथे खालून चोवीस तास पाणी चढतं. बारीक माती ते वरपर्यंत ओढते आणि सोडत नाही. कणांमधल्या सगळ्या फटी पाण्याने भरल्या की हवेला जागा राहत नाही, आणि मुळालाही श्वास लागतो. शिवाय स्वतःच्या वजनाने ती खाली दबत जाते. त्यात भोक बंद, बाहेर तिरका पाऊस, म्हणजे टाकी भरून पाणी मातीतच वर चढत गेलं. चौथ्या फोटोत तुमच्या हातात जे मूळ आहे ते तपकिरी झालंय. चिमटीत धरून हलकेच ओढा, वरची साल सुटून बोटात येईल आणि आत नुसता बारीक धागा उरेल. गटारासारखा वासही आला असेल. हे पाणी कमी पडल्याने होत नाही.

आता थर्माकोलचं. ते पांढरे दाणे पर्लाइटचे आहेत. ज्वालामुखीतून निघालेली एक प्रकारची काच, सुमारे ९०० अंशांना तापवली की आतल्या पाण्याची वाफ होऊन ती लाहीसारखी फुगते. खात्री करायची तर एक दाणा दोन बोटांत चिरडा. पर्लाइटची पूड होते, थर्माकोल नुसता चेपला जातो. घरात नेलपॉलिश रिमूव्हर असेल आणि त्यात अॅसिटोन असेल तर त्यात टाका, थर्माकोल विरघळेल, पर्लाइट तसाच राहील. (पूड नाकात जाऊ देऊ नका, मिसळण्याआधी पाणी शिंपडायचं.) त्याचं काम एवढंच की मिश्रण दबू नये, आत हवा खेळावी.

नारळाचा भुसा म्हणालात ते बरोबरच आहे. सोडणातून काथ्या काढल्यावर जो भुगा उरतो तो कोकोपीट. बहुतेक माल तामिळनाडू आणि केरळचा. त्यात मिठाचा अंश असतो, आणि स्वस्त वीट आणि महाग वीट यांतला फरक बहुतेक वेळा धुण्याचा असतो. न धुतलेल्यात लावलं की पंधरवड्यात पानांची टोकं करपतात आणि माणूस खत वाढवतो, म्हणजे आणखी क्षार. घरी करायचं असेल तर खुशाल करा: पाच किलोची वीट मोठ्या टबात फुगवा, ६० लिटरच्या वर भुगा होतो, दोन-तीन पाण्यांनी धुऊन पिळून घ्या. पाणी तपकिरी येतं त्याला घाबरू नका. क्षार किती उरले ते बघायला आरओवाल्याकडचा टीडीएस मीटर पुरतो: नळाच्या पाण्याच्या आणि शेवटच्या धुवणाच्या आकड्यांत फार अंतर नको.

आमचं माप लपवून ठेवण्यासारखं नाही: कोकोपीट दोन भाग, गांडूळखत एक, पर्लाइट एक. पर्लाइट महाग वाटलं तर मुरबाड-कर्जतकडच्या भातगिरणीतून तूस आणा, थोडं भाजून काळं केलेलं उत्तम. कच्चं वापरलंत तर कुंडीत भाताची रोपं उगवतील, पोरांना तेवढीच गंमत. माती घालायचीच असेल तर चौथा हिस्सा, त्याहून जास्त नाही, आणि जाळीच्या पायात तर अजिबात नाही. गांडूळखतही वाढवू नका. जास्त झालं की तेच कुजून गाळ होतो आणि पाय तुंबतो. कोकोपीटमध्ये स्वतःचं पोषण जवळजवळ शून्य, म्हणून पातळ खत अधूनमधून द्यावं लागतं. दीड-दोन महिन्यांनी एकदा तळाचं रबरी बूच काढून वरून भरपूर पाणी सोडायचं. खालून वर चढणारं पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. तुमच्या कडेला आलेले पांढरे डाग तेच.

तुळस आणि कढीपत्ता यांबद्दल मात्र स्पष्ट बोलते. ही झाडं या कुंडीची नाहीतच. दोघांनाही दोन पाण्यांच्या मध्ये माती सुकलेली लागते. अडेनियम, निवडुंग, स्नेक प्लांट यांचंही तेच. मोगऱ्याला तर थंडीत पाणी तोडावं लागतं, तरच पुढे नीट फुलतो. पुदिना, पालक, टोमॅटो, मिरची, फर्न, पीस लिली या कुंडीत खुश असतात. अळू तर विचारूच नका. प्रत्येक कुंडीला बांधलेल्या कार्डावर ही यादी मराठीत छापलेली आहे. तुळशीला आम्ही आमची कुंडी विकतच नाही, भाजलेल्या मातीची घ्या म्हणतो, जी आमच्याकडे मिळत नाही.

‘पंधरा दिवस पाणी नको’ हे आम्ही मनी प्लांटच्या कुंडीबद्दल बोललो होतो. चार लिटरची टाकी त्याला तेवढी पुरते. फळाला आलेला टोमॅटो मे महिन्यात तीच टाकी तीन-चार दिवसांत संपवेल. आणि गणपतीत तर प्रश्नच वेगळा: पश्चिमेच्या बाल्कनीत पाऊस आत येतो, तेव्हा जून ते सप्टेंबर बूच काढून टाकी रिकामी ठेवायची. भरून जायचंच नाही.

डासांबद्दल: दुसऱ्या फोटोत पाणी भरायच्या नळीला टोपी नाही. कुंड्यांबरोबर सहा टोप्या दिल्या होत्या. एडिस डासाचं अंड्यापासून डास होईपर्यंतचं सगळं साधारण आठ-दहा दिवसांत उरकतं, तुम्ही नेमके तेवढेच दिवस बाहेर होतात. महापालिका दरवर्षी ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ म्हणून सांगते ते याच कुंड्यांनाही लागू आहे. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात, म्हणून टाकी आतून घासायची. टोपी घट्ट आणि भोकाला बारीक जाळी, की डासांचा विषय संपला.

तर पैसे परत नाहीत, कारण कुंड्यांत दोष नाही. पण कुंड्या घेऊन या. एम-सील काढून भोक मोकळं करून देतो, जाळी आणि टोप्या लावतो, आणि भोकाला कोपऱ्याची नळी जोडतो, म्हणजे पाणी बाल्कनीच्या मोरीत जाईल आणि खालच्यांचे कपडे सुटतील. याचे पैसे घेणार नाही. मिश्रण हवं असेल तर विकत घ्यावं लागेल, घरी केलंत तरी हरकत नाही. कढीपत्त्याच्या बुंध्याला नखाने खरवडून बघा. आत हिरवं असेल तर सडलेली मुळं छाटून साध्या कुंडीत लावा, वरच्या फांद्याही निम्म्या कमी करा आणि आठवडाभर सावलीत ठेवा. तपकिरी असेल तर उपयोग नाही. सोमवारी दुकान बंद असतं. येताना कुंड्या रिकाम्या करून आणा, आणि ती लाल माती टाकू नका: उन्हात पसरून चांगली सुकवा, कढीपत्त्याला तीच लागेल.