‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर: पाकिटाचा घोळ आणि शेंबडं पोर

‘स्पष्टवक्ता’ साहेब,

ऑस्कर सोहळ्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही आठ ओळी लिहिल्यात आणि त्यात पाच उद्गारचिन्हं ठोकलीत. ज्यांनी त्या वाचल्या नसतील त्यांच्यासाठी सारांश असा: सोहळा जिथे होतो त्या कोडॅक थिएटरचं नाव केव्हाच बदललं, एवढंही माहीत नसेल तर लिहिता कशाला; भारतीयांना ऑस्कर देतच नाहीत; नामांकनं मिळालेल्या दहा चित्रपटांपैकी मी स्वतः किती पाहिले हे लेखात कुठेच नाही; आणि शेवटी, “2017 चा पाकिटाचा घोळ टीआरपीसाठी ठरवून केला होता हे शेंबड्या पोरालाही कळतं. एमा स्टोन स्वतः म्हणाली की तिचं कार्ड तिच्याच हातात होतं. मग स्टेजवर दुसरं आलं कुठून?” (हा घोळ म्हणजे 2017 च्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून आधी ‘ला ला लँड’चं नाव पुकारलं गेलं, खरा विजेता होता ‘मूनलाइट’. एमा स्टोन ही ‘ला ला लँड’ची नायिका.)

थिएटरचं नाव मान्य. 2012 पासून ते डॉल्बी आहे, जुन्या सवयीने कोडॅक लिहिलं गेलं. चूक माझीच. ‘लिहिता कशाला’ हे शेपूट लावलं नसतंत तरी ती दुरुस्त झालीच असती.

आता शेंबडं पोर. 2002 साली ‘लगान’चं नाव पुकारलं जाईल या आशेने टीव्हीसमोर बसलो, तेव्हापासून एकही सोहळा चुकवलेला नाही. त्यामुळे मला काय कळतं आणि काय नाही, हे अनोळखी माणसाने एका वाक्यात ठरवून टाकावं याची गंमत वाटली. पण त्याच वाक्याच्या शेपटाला तुम्ही जो प्रश्न विचारलात तो चांगला आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या ठरवाठरवीच्या थिअरीला सुरुंग लावणारं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुसरं कार्ड आलं कुठून? दुसऱ्या संचातून. ऑस्करची मतमोजणी 1935 पासून प्राइस वॉटरहाऊस, म्हणजे आजची पीडब्ल्यूसी, ही हिशेब तपासणारी कंपनी करते. 2017 साली पुरस्कारांचे विभाग होते 24. तेव्हा प्रत्येक विभागाची दोन पाकिटं तयार व्हायची, दोन्हींत एकच नाव. असे दोन पूर्ण संच दोन बॅगांत भरायचे, आणि कंपनीचे दोन भागीदार एकेक बॅग घेऊन वेगवेगळ्या रस्त्यांनी थिएटरवर पोहोचायचे, म्हणजे एक गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली तरी सोहळा अडायचा नाही. तिथे एक जण डाव्या विंगेत उभा राहायचा, दुसरा उजव्या. पुरस्कार जाहीर करणारा पाहुणा ज्या विंगेतून एन्ट्री घेईल, त्या विंगेतला भागीदार त्याच्या हातात पाकीट द्यायचा.

याचा अर्थ असा की एका विंगेतून पाकीट गेलं की दुसऱ्या विंगेत त्याचं जुळं भावंड न उघडलेलं शिल्लक राहतं. ते त्याच क्षणी बाजूला काढायचं असतं. सगळी व्यवस्था या एका साध्या हालचालीवर उभी आहे. ती हालचाल झाली नाही, तर जुळं गठ्ठ्यातच राहतं आणि पुढच्या पाहुण्याच्या हाती पडू शकतं.

त्या रात्री हेच झालं. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पाकीट लिओनार्डो डिकॅप्रिओ एका विंगेतून घेऊन आला, त्याने एमा स्टोनचं नाव वाचलं आणि ते कार्ड तिच्यापाशी राहिलं. म्हणजे ती खरं तेच बोलत होती. लगेच पुढचा पुरस्कार सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा. तो जाहीर करायला वॉरन बीटी आणि फे डनवे हे जुने कलाकार आले समोरच्या विंगेतून, जिथे अभिनेत्रीचं जुळं पाकीट पडून होतं. तिथल्या भागीदाराने तेच उचलून दिलं. काही मिनिटांपूर्वी या गृहस्थांनी विंगेतूनच एमा स्टोनचा फोटो ट्विटरवर टाकला होता. म्हणजे लक्ष कुठे होतं ते तुम्हीच ठरवा. याला गलथानपणा म्हणा, मी अडवणार नाही. कट म्हणायचं असेल तर पुरावा द्या.

बरं, पाकीट हातात आल्यावर तरी बीटीला कळायला नको होतं का? इथे छपाई आडवी आली. त्या वर्षी पाकिटं लाल होती आणि त्यांवरची अक्षरं सोनेरी, म्हणजे मंचावरच्या झगमगाटात वाचायला अवघड. (आपल्याकडे आहेराच्या पाकिटावरसुद्धा नाव यापेक्षा ठळक घालतात.) आतल्या कार्डावर वर ऑस्करचं चिन्ह, मध्ये ‘एमा स्टोन’, त्याखाली ‘ला ला लँड’, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘सर्वोत्कृष्ट अभिनेत्री’. ज्या एका ओळीवरून चूक पकडता आली असती, तीच सगळ्यात बारीक. माहितीची उतरंडच उलटी. वाचणाऱ्याला पहिल्यांदा दिसायला हवा विभाग, मग नाव.

बीटी अडखळलाच. त्याने कार्ड पाहिलं, पाकिटात पुन्हा डोकावून पाहिलं, डनवेकडे पाहिलं. तिला वाटलं गडी उगाच ताणतोय. कार्ड तिच्यापुढे आलं, तिला चित्रपटाचं नाव दिसलं आणि तिने ते वाचून टाकलं. पुरस्कार चित्रपटाचा आणि कार्डावर चित्रपटाचं नाव, मग तिने शंका तरी कशाची घ्यायची? अडखळल्याचं कारण बीटीने नंतर तिथेच, माइकवर सांगितलं. हे तुम्ही पाहिलं नसेल, तर प्रतिक्रिया लिहायची घाई का केलीत? पाहिलं असेल, तर ठरवून केलं म्हणता कसे?

यात मला खरोखर खटकतं ते वेगळंच, आणि तुमच्या आठ ओळींत त्याचा उल्लेख नाही. दोन्ही भागीदारांना सगळे विजेते पाठ असतात, तशी अटच आहे. चुकीचं नाव पुकारलं गेलं की त्यांनी तत्काळ पुढे यायचं. पण ‘ला ला लँड’ची मंडळी मंचावर आली, आभाराची भाषणं सुरू झाली, दोन मिनिटांहून जास्त वेळ गेला, तेव्हा कुठे विंगेतली माणसं धावली. शेवटी ‘ला ला लँड’चा निर्माता जॉर्डन होरोविट्झ याने स्वतःच ‘मूनलाइट’चं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. चूक झाली की कोणी, किती सेकंदांत, कोणत्या बाजूने मंचावर जायचं, याचा सराव नव्हता. खरी टीका करायची तर इथे जागा होती.

आता तुमचा लाडका टीआरपी. हा प्रकार घडला तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र उलटून गेली होती, पावणेचार तासांहून लांबलेल्या सोहळ्याची अगदी शेवटची मिनिटं. (आपल्याकडे सोमवारचे सकाळचे साडेदहा वगैरे.) प्रेक्षक खेचायचे असतील तर गडबड पहिल्या तासात करतात, निम्मं घर झोपल्यावर नव्हे. आकडे बघा: 2016 साली अमेरिकेत सुमारे 3 कोटी 44 लाख प्रेक्षक, 2017 साली 3 कोटी 29 लाख, आणि एवढा गाजावाजा झाल्यावर 2018 साली 2 कोटी 65 लाख. ठरवून केला असेल तर तोट्याचाच धंदा. शिवाय आठ दशकं मतमोजणीच्या विश्वासार्हतेवर नाव कमावलेली कंपनी जगासमोर माफी मागायला स्वतःहून कशाला तयार होईल?

आणि पाकीट चुकण्याची ती पहिली वेळही नव्हती. 1964 साली गायक-अभिनेता सॅमी डेव्हिस ज्युनियरच्या हातात संगीताच्या दुसऱ्याच विभागाचं पाकीट पडलं आणि त्याने त्या विभागात नामांकनच नसलेल्या माणसाचं नाव वाचलं. लगेच दुरुस्त झालं, त्याने एक विनोद मारला, विषय संपला. तेव्हाही टीआरपी होता म्हणायचं का?

2018 पासून काय बदललं तेही लिहितो, म्हणजे पुढची प्रतिक्रिया तरी नेमकी येईल. जुने दोन भागीदार त्या कामावरून गेले. तिसरा भागीदार तिसरा पूर्ण संच घेऊन कंट्रोल रूममध्ये दिग्दर्शकाजवळ बसतो, विजेते त्यालाही पाठ. विंगेत फोन बंद. मंचावर जाण्याआधी पाहुणा आणि स्टेज मॅनेजर या दोघांनी पाकीट योग्य विभागाचं आहे याची खात्री करायची. चूक झाली तर काय करायचं याची तालीम. विभागाचं नाव मोठ्या अक्षरांत. यातला प्रत्येक उपाय वर सांगितलेल्या एकेका भोकावर लावलेलं ठिगळ आहे. ठरवून केलेल्या नाटकानंतर कोणी इतकी ठिगळं लावत बसत नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर जास्त वेळ घालवत नाही. भारतीयांना देत नाहीत म्हणे! कोल्हापूरच्या भानू अथैयांना 1983 सालीच मिळालं आहे, ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी. सत्यजित राय, रहमान, रसूल पुकुट्टी, कीरवाणी ही नावं तुम्ही ऐकली असतीलच.

मी किती चित्रपट पाहिले? लेख सोहळ्यावर होता, चित्रपटांवर नाही. शीर्षकातच तसं लिहिलं आहे. आणि हा प्रश्न मला विचारण्याआधी ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या सभासदांना विचारायला हवा होता. विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिल्याशिवाय अंतिम फेरीत त्या विभागात मत देता येणार नाही, हा नियम त्यांनी 2025 च्या एप्रिलमध्ये जाहीर केला आणि तो 2026 च्या सोहळ्यापासून लागू झाला. तोवर बहुतेक विभागांत न पाहता मत दिलं तरी चालत होतं. त्यांना जे चालत होतं ते मला चालू नये, असा तुमचा आग्रह असेल तर असो.

कोडॅकचं डॉल्बी दोन्ही ठिकाणी केलं आहे. जुनंच दिसत असेल तर पान रिफ्रेश करा.