पडलेलं जंगल उचलायचं की राहू द्यायचं? सुहासरावांना उत्तर

सुहासराव, जर्मनीतल्या बव्हेरियाच्या राष्ट्रीय उद्यानात वादळाने पडलेली झाडं तशीच राहू दिली, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. चांगलं लाकूड सडू देणं हे श्रीमंत देशाचे चोचले आहेत. त्या लाकडात माजलेल्या भुंगेऱ्यांनी उभं जंगलही फस्त केलं. आणि निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनच्या बागायतदाराला 'पडलेलं राहू दे' असं मी तोंड वर करून सांगितलं असतं का?

शेवटच्यापासून सुरुवात करतो. नाही, सांगितलं नसतं. ३ जून २०२० ला आडव्या झालेल्या नारळी-पोफळी कुणीतरी लावल्या होत्या, शिंपल्या होत्या, त्यांवर घरं चालत होती. वाडी साफ करून नवी रोपं लावणं हाच तिथला शहाणपणा. माझा लेख त्या उद्यानातल्या रॅखेल आणि लुझेन या शिखरांच्या आसपासच्या जंगलाबद्दल होता. दोन्ही गोष्टींत झाडं पडली, एवढंच साम्य.

भुंगेऱ्याचं म्हणणं खरं, पण अर्धं. १९८३ च्या ऑगस्टमध्ये वादळाने स्प्रूस (तिथली सूचिपर्णी झाडं) उन्मळले आणि हान्स आयझेनमान या बव्हेरियाच्या मंत्र्यांनी उद्यानाच्या गाभ्यातलं लाकूड हलवू नका असा निर्णय दिला. ताज्या पडलेल्या स्प्रूसच्या सालीखाली भुंगेरा वाढतो, संख्या फार झाली की उभ्या झाडांवर चढतो. तसं झालंच. पण पडलेल्या खोडाची साल फार तर दोनेक वर्षं त्याच्या उपयोगाची असते, मग ती वाळते. नव्वदच्या दशकातली झाडांची मोठी मर आली ती १९९० च्या वादळांनंतर आणि उष्ण, कोरड्या उन्हाळ्यांत. शिवाय शेजारच्या खासगी जंगलांना झळ पोचू नये म्हणून हद्दीलगतच्या पट्ट्यात कीड लागलेली झाडं तोडतातच. हे 'काहीच करायचं नाही' असं धोरण नाही.

आता डोंगरमाथ्यावर नेमकं काय घडतं ते बघा. स्प्रूसची मुळं उथळ आणि पसरट. जमीन भिजलेली असताना वारा आला की झाड मुळांच्या ताटव्यासकट उपटतं. जिथे उभं होतं तिथे खड्डा, बाजूला मातीचा उंचवटा. उघडी पडलेली ही माती काही बियांना हवीच असते. बाकी जमिनीवर दाट गवत आणि नेचे, त्यात स्प्रूसचं इवलंसं रोप गुदमरतं, शिवाय बर्फ उशिरापर्यंत बसून राहतो. मग बी रुजतं कुठे? कुजून मऊ झालेल्या जुन्या ओंडक्यावर. तिथे ओल असते, गवताची चढाओढ कमी आणि बर्फ आधी वितळतो. तुम्ही ज्याला सडकं लाकूड म्हणता ती त्या उंचीवरची रोपवाटिका आहे. मात्र ओंडका रुजण्याजोगा व्हायला काही दशकं लागतात. म्हणजे आज उचललेलं खोड नातवंडांच्या काळातल्या झाडांची जागा घेऊन जातं. यंत्रं आणून साफसफाई केली तर सावलीत आधीच वाट बघत असलेली रोपंही चिरडतात.

'शेकडो वर्षांचं जंगल एका रात्रीत गेलं' हे तुमचं वाक्य मला सर्वांत जास्त खटकलं. जुनं डोंगरी जंगल म्हणजे एकाच वयाच्या म्हाताऱ्यांची रांग नव्हे. युरोपातल्या कार्पेथियन पर्वतात झाडांच्या वाढीची वलयं तपासली, तर सावलीत वर्षानुवर्षं बारीक वलयं धरणारं झाड शेजारी पडताच एकदम रुंद वलयं धरू लागलेलं दिसतं. अशा खुणांवरून जुन्या वादळांचा काळ ठरवता येतो. लहान वारा एखाददुसरं झाड काढतो, मोठा वारा अख्खा उतार, आणि दोघांमुळे वयांची सरमिसळ राहते. तिथे वारा पाहुणा नाही, घरचाच आहे.

राहिले चोचले. मोठ्या वादळानंतर बाजारात एकदम इतकं लाकूड येतं की भाव कोसळतात, आणि चढावरून ओंडके उतरवण्याचा खर्च बऱ्याचदा लाकडाच्या किमतीवर जातो. १९९० च्या विवियन वादळानंतर स्वित्झर्लंडमध्ये काही उतार मुद्दाम तसेच ठेवून अभ्यास झाला. आडवीतिडवी पडलेली खोडं बरीच वर्षं बर्फाचे लोट आणि घरंगळणारे दगड अडवून धरतात, असं दिसलं. खोडं कुजली की ही आडकाठी कमी होते, म्हणून ज्या उताराखाली थेट वस्ती आहे तिथे नुसतं वाट बघत बसायला मीही सांगणार नाही.