परीक्षेआधी निकाल

सातारच्या ज्या घरात मी वाढलो, तिथं पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे यायचा आणि मागोमाग माझं प्रगतिपुस्तक. अण्णा हायस्कूलला गणित शिकवायचे. दुसरा नंबर आला म्हटलं की ते "छान" म्हणायचे आणि त्याच दमात विचारायचे, "पहिला कोण?"

नंबरांच्या या जाचातून सुटायला मी थेट ओहायोतल्या कोलंबसपर्यंत गेलो. जुलै २०२४ मध्ये बदली झाली आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या मॅनेजरनं माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर एक ते पंचवीस आकडे, आकड्यांपुढे रेघा आणि रेघांवर काहीच नाही.

"भर," तो म्हणाला.

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत त्या वर्षी १३४ टीम होत्या. त्या शनिवारी खेळतात आणि रविवारी दुपारी दोन वाजता असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची यादी लागते. देशभरातले साठ-बासष्ट क्रीडापत्रकार आपापले पहिले पंचवीस नंबर कळवतात. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं करत पंचविसाव्याला एक. सगळ्यांची बेरीज म्हणजे यादी. पंचविसात न बसलेल्या, पण कुणाकडून तरी दोन-चार गुण मिळालेल्या टीमची नावं खाली बारीक अक्षरांत छापतात. ती ओळ पाहून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. उत्तेजनार्थ!

आमच्या अकरा जणांनी दर रविवारी सकाळी दहाच्या आत आपली यादी पाठवायची. प्रेसच्या यादीच्या सगळ्यात जवळ येईल तो जिंकला. सगळ्यात लांब जाईल त्यानं सोमवारी दोन डझन डोनट आणायचे. म्हणजे चांगली टीम कुठली हे ओळखायचं नव्हतंच. साठ-बासष्ट अनोळखी माणसांना कुठली टीम चांगली वाटते, ते ओळखायचं होतं. आमटी कशी झालीय ते राहू दे, सासूबाईंना कशी वाटेल ते सांग, त्यातला प्रकार.

अण्णांना फोनवर हे सांगितलं.

"किती मॅच झाल्या?" त्यांनी विचारलं.

"अजून एकही नाही. पहिली चोवीस तारखेला."

"मग नंबर कशावरून लावले?"

"अंदाज. गेल्या वर्षी कसे खेळले, नवीन पोरं कोण आली, कोच कोण, आणि मुळात घराणं कुठलं."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "पेपर झाला नाही आणि निकाल लागला. आम्ही असं केलं असतं ना, तर चौकशी बसली असती."

पण चौकशी बसवणार कोण? हा खेळ पत्रकारांनीच मांडलेला. १९३५ साली ॲलन गूल्ड नावाच्या प्रेसच्या क्रीडासंपादकानं एकट्यानं यादी केली आणि पहिल्या नंबरावर तीन टीम एकत्र बसवल्या. त्यातल्या मिनेसोटाच्या लोकांनी त्याचा पुतळा फासावर लटकवला. शहाणा माणूस. पुढच्या वर्षापासून त्यानं देशभरच्या पत्रकारांची मतं मागवली, म्हणजे पुतळा कुणाचा करायचा हेच कळू नये. दोन शनिवारांच्या मध्ये लोकांना भांडायला काहीतरी हवं, एवढाच मूळ हेतू, आणि तो त्यानं स्वतः कबूल केला होता. भांडण गेली जवळजवळ नव्वद वर्षं चालू आहे.

माझ्या पहिल्या यादीत मी फ्लोरिडा स्टेटला दुसरा नंबर दिला. कारण माणुसकी. २०२३ मध्ये ही टीम तेराच्या तेरा सामने जिंकली, पण हुकमी क्वार्टरबॅकचा, म्हणजे डाव चालवणाऱ्या खेळाडूचा, पाय मोडला म्हणून अंतिम चौघांत घेतली नाही. वर्षभर पहिला येणाऱ्या मुलाला तुझा हात प्लास्टरमध्ये आहे म्हणून बोर्डाला बसू न देण्यासारखं हे. मला राहवलं नाही, मी ग्रेस मार्क दिले. पत्रकारांनी त्यांना दहावं ठेवलं होतं. २४ ऑगस्टला ते डब्लिनला जाऊन जॉर्जिया टेककडून २४-२१ असे हरले, आणि त्या मोसमात बारापैकी दोन सामने जिंकले. डोनट मी आणले.

पुढचे डोनट गणपतीच्या नावावर. ७ सप्टेंबरला चतुर्थी होती आणि तो शनिवार होता. एकीकडे आरती, दुसरीकडे आवाज बंद केलेला टीव्ही. 'दर्शनमात्रे मन' म्हणता म्हणता माझी नजर तिकडे गेली तर पाचव्या नंबरची नोटर डेम स्वतःच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून १६-१४ अशी हरलेली. (आठवडाभर मी त्यांना पॅरिसच्या चर्चसारखं 'नोत्र दाम' म्हणत होतो. ऑफिसनं ते पोटभर ऐकून घेतलं आणि मग दुरुस्त केलं.) आरतीत खंड पडल्याबद्दल बायकोनं जे बघायचं तसं बघितलं. दुसऱ्या दिवशी मी नोटर डेमला यादीतून बाहेर काढलं. नापास तो नापास. पत्रकारांनी मात्र त्यांना अठरावं ठेवलं आणि त्यांना हरवणाऱ्यांना पंचविसावं. अण्णांना हे लगेच पटलं. "देशमुखांचा मुलगा गणितात गेला की तब्येत बरी नव्हती म्हणायचे. शिपायाचा मुलगा पास झाला की कॉपी केली म्हणायचे."

मग अण्णांनी वही घातली. दोनशे पानी, समास आखलेली. रविवारी आमचे दुपारचे दोन म्हणजे त्यांचे रात्रीचे साडेअकरा. तोवर ते जागे राहायचे. (नोव्हेंबरात इथली घड्याळं एक तास मागे गेली तेव्हा त्यांना साडेबारापर्यंत ताटकळावं लागलं. वेळही यांना एका जागी ठेवता येत नाही का, असं ते म्हणाले.) बिग टेन नावाच्या गटात अठरा टीम आहेत आणि बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा, हे ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. पण सोडलं नाही. त्यांची पद्धत सरळ होती. घराणं नको, अंदाज नको. ज्यानं ज्याला हरवलं तो त्याच्या वर. "एवढी साधी गोष्ट साठ माणसांना जमत नाही?"

सप्टेंबरअखेर अलाबामानं जॉर्जियाला ४१-३४ असं हरवलं. वहीत अलाबामा वर, जॉर्जिया खाली. पत्रकारांनीही अलाबामाला पहिलं केलं. अण्णा खूश. पुढच्याच शनिवारी व्हँडरबिल्टनं पहिल्या नंबरच्या अलाबामाला ४०-३५ असं पाडलं. व्हँडरबिल्ट म्हणजे अभ्यासात हुशार आणि पीटीच्या तासाला चिठ्ठी आणणारं कॉलेज. पोरांनी आनंदाच्या भरात गोलपोस्ट उपटला, नॅशव्हिलच्या रस्त्यांवरून मिरवत नेला आणि कंबरलँड नदीत विसर्जन केलं. नवरात्र चालू होतं, पण भावना अनंत चतुर्दशीची. वहीत व्हँडरबिल्ट अलाबामाच्या वर गेलं. १९ ऑक्टोबरला जॉर्जियानं टेक्ससला ३०-१५ असं हरवलं. म्हणजे व्हँडरबिल्ट, अलाबामा, जॉर्जिया, टेक्सस. पायरीखाली पायरी. आणि २६ ऑक्टोबरला टेक्ससनं व्हँडरबिल्टला २७-२४ असं हरवलं.

रात्री साडेबाराला फोन आला. "वर्तुळ झालं," अण्णा म्हणाले. आवाज खोल गेला होता. "टेक्सस व्हँडरबिल्टच्या वर, व्हँडरबिल्ट अलाबामाच्या वर, अलाबामा जॉर्जियाच्या वर, जॉर्जिया टेक्ससच्या वर. चौघंही एकमेकांच्या वर."

मागून आईचा झोपेतला आवाज आला, "अहो, उंदराच्या मुलीची गोष्ट आहे ही. सूर्यापेक्षा ढग मोठा, ढगापेक्षा वारा, वाऱ्यापेक्षा डोंगर आणि डोंगर पोखरणारा उंदीर. झोपा आता."

पस्तीस वर्षं निकालपत्रकं बनवणारा माणूस त्या रात्री झोपला नाही. सकाळी त्यांचा निरोप आला: "पत्रकारांबद्दल मी जे बोललो ते थोडं जास्त होतं."

त्या आधी दसऱ्याला आमच्या ओहायो स्टेटनं सीमोल्लंघन करून पाहिलं होतं. पार ओरेगनपर्यंत जाऊन एका गुणानं, ३२-३१, हरून आले. सोनं तिकडेच लुटलं गेलं. सोमवारी ऑफिसात कुणी कुणाशी बोललं नाही.

नोव्हेंबरात आणखी एक यादी सुरू झाली. तेरा जणांची समिती टेक्ससमधल्या ग्रेपव्हाइन गावी बसते आणि मंगळवारी आपले नंबर जाहीर करते. अंतिम स्पर्धेला कोण जाणार, हे ठरतं तिच्यावरून. म्हणजे ज्या रविवारच्या यादीपायी मी ऑगस्टपासून डोनट वाहत होतो, तिला कायद्यानं काही किंमतच नव्हती! मॅनेजरला हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "म्हणून काय झालं?" गावकीत तंटामुक्ती समिती आली म्हणून कुणी पारावर बसायचं सोडतं का?

२३ तारखेला महाराष्ट्रात विधानसभेची मतमोजणी होती. कुणाच्या किती जागा आल्या विचारायला फोन केला, तर अण्णा म्हणाले, "ते टीव्हीवर चालू आहे. इंडियाना पडलं का?" तोवर एकही सामना न हरलेलं इंडियाना त्या दिवशी आमच्याकडे ३८-१५ असं पडलं.

आणि मग तो आठवडा आला. मिशिगनचा. कोलंबसमध्ये हे नाव घेत नाहीत. आमची पणजी पणजोबांचं नाव घेत नसे, 'घरातले' म्हणायची. इथले लोक 'ती वरच्या बाजूची टीम' म्हणतात. त्या आठवड्यात विद्यापीठातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम'वर लाल पट्ट्यांची फुली मारतात. ऑफिसातही ही साथ आली. माझ्या कॉफीच्या मगवर 'एमएच ११' लिहिलंय, सातारची गाडी. बुधवारी पाहतो तर नुसतंच 'एच ११', आधी लाल फुली. मी पट्टी काढायला लागलो तर आजूबाजूचे चारजण उभे राहिले. मी पट्टी परत नीट दाबून बसवली.

मिशिगन यादीत नव्हतं. अकरापैकी पाच सामने हरून आलेलं. ओहायो स्टेट दुसऱ्या नंबरवर, स्वतःच्या घरात, लाखभर माणसांसमोर. निकाल १३-१०. वरच्या बाजूची टीम जिंकली, तीही लागोपाठ चौथ्या वर्षी.

रविवारी मॅनेजरनं रागाच्या भरात ओहायो स्टेटला यादीतून काढून टाकलं. पूर्ण. उत्तेजनार्थही नाही. पत्रकारांनी पहिल्या दहात ठेवलं होतं, आणि त्या सोमवारी मोसमात पहिल्यांदा डोनट त्यानं आणले. खोका टेबलावर ठेवला आणि काही न बोलता आत गेला. आम्हीही ते गुपचूप खाल्ले, सुतकातल्यासारखे.

डिसेंबरात बारा टीमची पंगत बसली आणि तिथं नवाच मानपान निघाला. समितीच्या यादीत बॉइझी स्टेट नववं आणि ॲरिझोना स्टेट बारावं, पण आपापल्या गटाचे विजेते म्हणून त्यांना तिसरा आणि चौथा पाट. सहाव्या नंबरच्या ओहायो स्टेटला आठवा. "जावई आहेत ते," मी अण्णांना समजावलं. ही एकच गोष्ट त्यांना पहिल्या फटक्यात कळली.

आठव्या पाटावरून उठून ओहायो स्टेटनं टेनेसीला हरवलं, मग पहिल्या नंबरच्या, तोवर अजिंक्य असलेल्या ओरेगनला ४१-२१, मग टेक्ससला. २० जानेवारी २०२५ ला अटलांटात अंतिम सामना झाला तो कुणाशी? नोटर डेमशी. मी गणपतीत ज्यांचं विसर्जन केलं होतं त्यांच्याशी. ३४-२३. यादीत नसलेल्या नॉर्दर्न इलिनॉयकडून हरलेले आणि यादीत नसलेल्या मिशिगनकडून हरलेले, हे दोघं शेवटी पहिला आणि दुसरा. मॅनेजर रडला. मग त्यानं माझ्या मगवरची लाल पट्टी स्वतःच्या हातानं काढली.

अण्णांना फोन लावला.

"तुझ्या ऑफिसात तुझा कितवा?"

"अकरावा."

"कितींत?"

"अकरांत."

दोन सेकंद थांबून म्हणाले, "पहिला कोण?"

"हिशेब खात्यातल्या एक बाई आहेत. त्यांनी एकही मॅच बघितलेली नाही. दर रविवारी गेल्या आठवड्याची यादी घ्यायच्या, हरलेल्याला पाच-सहा घरं खाली ढकलायच्या, बाकीच्यांना एकेक घर वर घ्यायच्या. बस."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग मी सांगितलं की अंतिम सामन्याला एक दिवस उलटला नाही तोच लोकांनी पुढच्या वर्षीचे पंचवीस नंबर छापलेसुद्धा आहेत.

"अरे, पहिल्या आलेल्याला पेढा तरी खाऊ द्या," ते म्हणाले. पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला, आईचं काहीतरी पुटपुटणं आलं. "हं, नवी वही घेतली. सांग. सावकाश सांग."